कानाला शेवटचं पान उलटता येत नाही

२७ जानेवारी १८१३, बुधवार. इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातलं चॉटन हे खेडं. लंडनहून एक पार्सल येतं आणि त्यातून एका नव्या कादंबरीची प्रत निघते. पुस्तकावर लेखिकेचं नाव नाही, फक्त तिच्या आधीच्या कादंबरीचा उल्लेख आहे. त्याच दिवशी मिस बेन नावाच्या शेजारीणबाई जेवायला येतात. जेवणं झाल्यावर घरातली माणसं पुस्तक उघडतात आणि पहिल्या खंडाचा निम्मा भाग त्यांना मोठ्याने वाचून दाखवतात. पुस्तक कुणी लिहिलंय हे त्यांना सांगत नाहीत. लिहिणारी तिथेच, त्याच बैठकीत बसलेली आहे. तिचं नाव जेन ऑस्टिन, वय ३७, आणि पुस्तक 'प्राइड अँड प्रेज्युडिस'.

पुढच्या बैठकीनंतर जेनने आपल्या बहिणीला, कसांड्राला, पत्र लिहिलं. त्यात एक तक्रार आहे. दुसऱ्या बैठकीतलं वाचन तिला तितकंसं रुचलं नाही, कारण आई फार भरभर वाचते. पात्रं आईला पुरती उमगली आहेत, पण ती जशी बोलायला हवीत तशी आईच्या तोंडून बोलत नाहीत.

हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातलं पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. गेली काही वर्षं मी प्रेमकादंबऱ्या वाचते त्यापेक्षा जास्त ऐकते, आणि कितीतरी निवेदकांबद्दल माझं हेच म्हणणं असतं. याला गोष्ट कळली आहे, पण याच्या तोंडून माणसं बोलत नाहीत. दोनशे वर्षांपूर्वी, ध्वनी साठवून ठेवायची सोयच नसताना, जगातल्या सर्वांत लाडक्या प्रेमकादंबरीच्या लेखिकेने आपल्याच पुस्तकाच्या अभिवाचनावर अगदी हाच अभिप्राय दिला होता!

आणखी एक गोष्ट. पहिल्या बैठकीनंतर लिहिलेल्या पत्रात तिने छपाईच्या चुकांबद्दल लिहिलंय आणि जोडीला असंही म्हटलंय की काही ठिकाणी 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' असं घातलं असतं तर संवाद चटकन समजले असते. ही उणीव तिच्या डोळ्यांना दिसली की कानांना, हे पत्रात नाही. माझा कौल कानांना आहे. छापील पानावर अवतरणचिन्हं आणि नवा परिच्छेद बोलणारा बदलल्याचं सांगतात. मोठ्याने वाचताना ती चिन्हं हवेत विरतात. मग कोण बोलतंय हे सांगायला उरतो तो फक्त आवाज.

प्रेमकादंबरी हा प्रकारच मुळी विलक्षण आहे. त्यातला शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो. अमेरिकेत १९८० साली स्थापन झालेल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने या प्रकाराची व्याख्या दोनच अटींवर बेतली: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशादायक हवा. रहस्यकथा वाचणाऱ्याला खुनी कोण हे कुणी सांगितलं तर तो भांडायला उठेल. प्रेमकादंबरीच्या वाचकाला मात्र शेवट गोड नसल्याचं कळलं तर तो पुस्तक हातात घेणार नाही. पहिल्या पानावर दोन माणसं एकमेकांचा तिटकारा करताना दिसली की आपल्याला कळतं, ही दोघं तीनशे पानांनी एकत्र येणार. तरी आपण वाचतो, आणि जागून वाचतो.

हे कसं होतं? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही लघुकथा लोकांना वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्यांना गोष्टी अधिक आवडल्या. त्या कथा प्रेमकथा नव्हत्या, आणि नंतरच्या काही प्रयोगांत उलटे निष्कर्षही निघाले. तेव्हा एवढ्यावर इमारत उभी करायला नको. पण माझा अनुभव याच बाजूचा आहे. काय होणार याची धाकधूक संपली की मन कसं होणार याकडे लागतं. एक नजर, एक अर्धवट तोडलेलं वाक्य, हातमोजा काढताना लागलेला क्षणभर जास्तीचा वेळ. शेवट माहीत असल्याशिवाय इतक्या बारीक गोष्टींकडे कोण बघेल?

आणि इथेच कान डोळ्यांच्या पुढे जातो. डोळे लबाडी करतात. वर्णन आलं की त्यावरून घसरतात, संवादांवर उड्या मारतात, राहवलं नाही तर शेवटचं पान उलटून बघतात. कानाला यातलं काहीच जमत नाही. इंग्रजी वाचनाच्या वेगावरचे शेकडो अभ्यास एकत्र करून मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने २०१९ साली सरासरी काढली. मनातल्या मनात कथा-कादंबरी वाचताना माणूस मिनिटाला सुमारे २६० शब्द वाचतो आणि मोठ्याने वाचताना सुमारे १८३. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' साधारण १ लाख २० हजार शब्दांची आहे. म्हणजे डोळ्यांना ती पावणेआठ तासांची आणि कानांना अकरा तासांची. अभिनेत्री रोझमंड पाइकने वाचलेलं तिचं ऑडिओबुक साडेअकरा तासांच्या आसपास भरतं. (२००५च्या चित्रपटात हीच पाइक नायिका एलिझाबेथची थोरली बहीण जेन झाली होती. बहिणीच्या भूमिकेत जगलेल्या बाईने पुढे अख्खं घर आपल्या एका गळ्यात वसवलं, हे मला फार सुंदर वाटतं.)

हे वरचे साडेतीन-चार तास जातात कुठे? माझं उत्तर असं की ते प्रेमाला लागणाऱ्या वेळात जातात. इंग्रजी वाचक ज्याला 'स्लो बर्न' म्हणतात, म्हणजे मंद आचेवर शिजणारी गोष्ट, तिची आच कानातच नीट लागते. नायक डार्सी आणि एलिझाबेथ पहिल्यांदा एका नाचाच्या समारंभात समोरासमोर येतात आणि एकमेकांना समजून घेतात, यात त्यांचे कित्येक महिने जातात. वाचताना आपण ते महिने एका रविवारी संपवतो. ऐकताना पुस्तक आठवडाभर सोबत राहतं. कुकरच्या शिट्ट्यांमधून, लोकलच्या गर्दीतून, धुतलेले कपडे वाळत घालताना. म्हणून ऑडिओबुक दीडपट वेगाने ऐकणाऱ्यांशी माझं पटत नाही. माहितीपर पुस्तक खुशाल तसं ऐका. प्रेमकथेत दोन वाक्यांमधली शांतता हाच ऐवज असतो, आणि वेग वाढवला की आधी तीच आखडते. चॉटनच्या त्या आईची चूक आपण बटण दाबून स्वतःच्या हाताने करतो.

आता मला ज्या गोष्टीचं सर्वांत जास्त नवल वाटतं तिच्याकडे वळते. ऑस्टिनच्या लेखणीची एक किमया आहे. समीक्षक तिला मोठं नाव देतात, पण गोष्ट साधी आहे. निवेदन तृतीयपुरुषी असतं, लेखिका सांगत असते, आणि सांगता सांगता नकळत पात्राच्या मनातले शब्द लेखिकेच्या तोंडी येतात. मराठीत समजा असं लिहिलं: 'ती खिडकीशी गेली. काय हा माणूस! याच्याशी आता जन्मात बोलायचं नाही.' यातलं पहिलं वाक्य सांगणाराचं. पुढची दोन कुणाची? 'ती मनात म्हणाली' असं कुठेच नाही. छापील पानावर दोन्ही आवाज एकाच शाईत मिसळून राहतात आणि वाचकाला निवड करावी लागत नाही. निवेदकाला मात्र करावीच लागते. तोंड उघडलं की एक सूर लावावा लागतो. पूर्ण लेखिकेचा लावला तर वाक्य कोरडं पडतं, पूर्ण नायिकेचा लावला तर लेखिकेचं मंद हसू हरवतं. चांगले निवेदक या दोहोंच्या मधल्या उंबरठ्यावर उभे राहतात. आवाज अर्ध्या पट्टीने चढतो, श्वास किंचित आखूड होतो, आणि आपल्याला न सांगता कळतं की आता आपण तिच्या डोक्यात शिरलो. हे ऐकायला मी एकेक प्रकरण मागे नेऊन पुन्हा लावते.

मग येतं डार्सीचं पत्र, पस्तिसावं प्रकरण. आदल्या संध्याकाळी एलिझाबेथने त्याला लग्नाला साफ नकार दिलेला असतो. सकाळी तो तिला वाटेत गाठतो, पत्र हातात देतो आणि निघून जातो. दोन ताव दाट अक्षरांनी भरलेले, पाकिटाची आतली बाजूही लिहिलेली. हे पत्र कुणाच्या आवाजात वाचायचं? लिहिणाऱ्या डार्सीच्या की वाचणाऱ्या एलिझाबेथच्या? बहुतेक निवेदक डार्सीचा आवाज लावतात. पण पुढच्याच प्रकरणात ऑस्टिन सांगते की एलिझाबेथ तेच पत्र पुन्हा पुन्हा वाचते, दोन तास त्या वाटेवर येरझारा घालते. पहिल्या वाचनात तिला प्रत्येक वाक्यात मग्रुरी ऐकू आलेली असते, नंतरच्या वाचनात त्याच वाक्यांतलं खरेपण उघडं पडतं. पत्रातलं अक्षरही बदललेलं नसतं. बदलतो तो तिच्या मनात ते पत्र वाचणारा आवाज! एवढी मोठी कादंबरी या एका बदलावर उभी आहे. शब्द तेच, सूर वेगळा, आणि सूर बदलला की माणूस बदलला. ऑडिओबुकच्या निवेदकापुढचा सगळा पेच ऑस्टिनने कथेच्या ऐन मध्यावर मांडून ठेवलाय.

पत्रावरून मला दुसरं एक पत्र आठवतं आणि ते आपल्या फार जवळचं आहे. रुक्मिणीचं. भागवताच्या दशम स्कंधात तिचा निरोप सात श्लोकांचा आहे. तो एक ब्राह्मण द्वारकेला घेऊन जातो. आपल्या परंपरेने त्याला सुदेव म्हटलं. आणि तो निरोप कृष्णाला ऐकू येतो तो या ब्राह्मणाच्या आवाजात. विदर्भाच्या राजकन्येचं काळीज एका तिऱ्हाइताच्या तोंडून बोलतं आणि कृष्ण रथ जोडायला सांगतो! निवेदकाचं यश यापेक्षा मोठं काय असेल? त्याहून चकित करणारी गोष्ट त्या पहिल्याच श्लोकात आहे. रुक्मिणी म्हणते, तुझे गुण माझ्या कानांवाटे आत शिरले. तिने कृष्णाला पाहिलेलंच नाही. ऐकलंय. दमयंतीचंही तसंच, हंसाने सांगितलेला नल तिने आधी कानांनीच वरला. भेटीआधीच्या या प्रेमाला संस्कृत काव्यशास्त्राने पूर्वराग म्हटलं आणि त्याच्या दोन वाटा सांगितल्या, श्रवण आणि दर्शन. ऐकून प्रेमात पडणं पाहून प्रेमात पडण्याच्या बरोबरीला बसवणारी ही परंपरा. एकनाथांनी १५७१ साली काशीत पूर्ण केलेलं अठरा प्रसंगांचं 'रुक्मिणी स्वयंवर' आपल्याकडे लग्न ठरावं म्हणून वाचतात, आणि पाठ चालू असताना घरातल्या बाकीच्या बायका भाजी निवडत ऐकत असतात. शेवट सगळ्यांना ठाऊक. रथ येणार, भाऊ रुक्मी हरणार, लग्न लागणार. तरी पुढच्या पाठाला सगळ्या पुन्हा हजर.

कानांवाटे आत शिरतं म्हणजे नेमकं कुठवर शिरतं, याचा मागही आता थोडा लागलाय. २०२१ साली 'सेल रिपोर्ट्स' या शोधपत्रिकेत एक अभ्यास आला. संशोधकांनी लोकांना ज्यूल व्हर्नच्या पाणबुडीच्या कादंबरीचे ध्वनिमुद्रित तुकडे ऐकवले आणि प्रत्येकाच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद घेतली. लोक एकमेकांसोबत बसलेले नव्हते, प्रत्येकाने वेगळं ऐकलं. तरी त्यांच्या ठोक्यांची गती कथेतल्या त्याच त्याच जागी वाढली आणि त्याच त्याच जागी उतरली. लक्ष दुसरीकडे वळवलं की हा मेळ कमी झाला. म्हणजे गोष्ट मनापासून ऐकणारी, एकमेकांना कधी न भेटलेली माणसं हृदयाने एका तालावर येतात! ती प्रेमकथाही नव्हती. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या उरी हासन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१० साली त्याआधीचं टोक दाखवलं होतं. गोष्ट सांगणारीच्या मेंदूतल्या हालचाली ऐकणाऱ्यांच्या मेंदूत थोड्या सेकंदांनी उमटतात. ज्यांना गोष्ट जास्त चांगली समजते त्यांच्या मेंदूचे काही भाग तर सांगणारीच्याही पुढे धावतात, पुढचं आधीच ताडतात. भाषा कळत नसेल तर यातलं काही होत नाही. नुसत्या गोड आवाजाचं हे काम नव्हे, आवाजातून अर्थ पोचावा लागतो.

ऐकायची ही पुस्तकं आपल्यापर्यंत पोचली त्याचं श्रेय ज्यांना दिसत नव्हतं त्यांना आहे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची यादी छापली. तीत दृष्टिहीनांना आपणहून वाचून दाखवणारी पुस्तकं अगदी वरच्या क्रमांकावर होती. पण त्याच्या पत्र्यावर मावायचं मिनिट-दोन मिनिटांचं बोलणं. अख्खी कादंबरी तबकड्यांवर बसायला १९३०चं दशक उजाडलं. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दृष्टिहीनांसाठी 'बोलकी पुस्तकं' निघाली, त्यांत पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांचाही विचार होता. एक कादंबरी म्हणजे तबकड्यांचा जड गठ्ठा. आज ती मंगळसूत्राच्या पेटीपेक्षा लहान इअरफोनमधून येते.

निवेदकांबद्दल माझी काही ठाम मतं आहेत. पुरुषाने नायिकेसाठी आवाज बारीक करू नये आणि बाईने नायकासाठी घसा खरवडू नये. नुसता वेग किंचित बदलला, शब्दांवर जरा जास्त टेकलं की पुरे. अभिनेता रिचर्ड आर्मिटेजने जॉर्जेट हेअर या लेखिकेच्या तीन प्रेमकादंबऱ्या २००९-१०च्या सुमारास वाचल्या. त्यातल्या 'व्हेनिशिया'मध्ये तो बाई होण्याचा आव आणत नाही, आणि म्हणूनच ती बाई समोर उभी राहते. त्या तिन्ही संक्षिप्त आवृत्त्या आहेत याचं मात्र मला अजून वाईट वाटतं. संक्षेप करताना कथानक राखतात आणि गप्पा कापतात, आणि हेअरची प्रेमं तर गप्पांतच जमतात.

हल्ली दोन आवाजांची पद्धत लोकप्रिय आहे. तिच्या एका तऱ्हेत ती आणि तो आपापली प्रकरणं वाचतात, त्यात समोरच्याचे संवादही स्वतःच बोलतात. दुसरीत, जिला ड्युएट म्हणतात, प्रत्येक वाक्य ज्याचं त्याच्याच तोंडी असतं. ऐकायला दुसरी जास्त खरी वाटेल असं कुणालाही वाटावं. मला पहिली जवळची वाटते. तिच्या प्रकरणात त्याचं बोलणं तिच्या आवाजातून येतं तेव्हा तो मला तिला जसा ऐकू आला तसा ऐकू येतो, आणि प्रेमकथेत मला तोच हवा असतो. सुदेवाच्या तोंडची रुक्मिणी ती हीच. मराठीत तर निवेदकाच्या हाती आणखी एक जादू आहे. 'तुम्ही'वरून 'तू'वर येण्याची पायरी. इंग्रजीत एकाच 'यू'मध्ये हा सगळा प्रवास आवाजाला करावा लागतो. आपल्याकडे तो एका शब्दात होतो, पण त्या शब्दाआधीचा श्वास निवेदकालाच घ्यावा लागतो.

सगळ्यात अवघड श्वास 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या अठ्ठावन्नाव्या प्रकरणात आहे. ऑस्टिनची एक सवय तिथे पुरती उमगते. पहिल्या मागणीच्या वेळी, चौतिसाव्या प्रकरणात, डार्सीच्या तोंडी जेमतेम दोन-चार वाक्यं आहेत. बाकीचं प्रेमनिवेदन लेखिका स्वतःच्या शब्दांत थोडक्यात आटोपते. त्यानंतरचं भांडण मात्र शब्दन् शब्द संवादात येतं. दुसऱ्या मागणीच्या वेळी दोघं चालत असतात. तो विचारतो. आणि एलिझाबेथचा होकार, ज्यासाठी आपण अकरा तास कान लावून बसलो, तो तिच्या तोंडून येतच नाही! आपल्या भावना कशा बदलल्या हे तिने त्याला सांगितलं, एवढंच लेखिका कळवते. निवेदकाला एलिझाबेथचा आवाज लावायची सोय नाही. ज्या गळ्याने तिने भांडण केलं त्या गळ्याला इथे बोलायला एक शब्द दिलेला नाही. मग चांगला निवेदक काय करतो? हळू होतो. सांगणाराच्याच आवाजात सांगतो, पण असं की जणू कुणाचं खासगी बोलणं त्याच्या कानावर पडलंय आणि तो ते जपून पुढे देतोय.

आणि लगेच पुढे ऑस्टिनने एक तपशील ठेवलाय. डार्सीच्या चेहऱ्यावर पसरलेला आनंद एलिझाबेथला दिसत नाही, कारण तिला नजर वर करवत नाही. तिला फक्त ऐकता येतं, आणि तो बोलत राहतो. मी ही कादंबरी कितीदा ऐकली त्याची गणती ठेवलेली नाही. या जागी आले की दरवेळी नळ बंद करते, ओले हात पदराला पुसते आणि ओट्याला टेकून उभी राहते.